चव्हाट्यावरची पिसे

त्या राज्यात खेळ पुष्कळ होते आणि बघणाऱ्यांकडे संध्याकाळ एकच होती.

म्हणून चव्हाट्यावर तीन मापे ठेवली होती. पहिले बेडकांचा माठ. खेळ आवडलेल्या प्रत्येक बेडकाने त्यात एक खडा टाकायचा. दुसरे बगळेबुवांचे. ते एका पायावर उभे राहून चिखलात पिसे रोवत. उत्तम खेळाला पाच, टाकाऊला एक. तिसरे सरडेरावांचे. ते लाल झाले तर खेळ रंगला, मातकट झाले तर पडला. पहाटेची तालीम पाहून सकाळी मापे लावायची, असा रिवाज होता. मग दिवसभर कोणाचे खरे मानायचे यावर वाद चाले.

"बेडकांचं काय ऐकता? त्यांना डबकंही आवडतं," साळिंदर म्हणे.

"आणि तुमच्या बुवांना आजवर काही आवडलंय का?" ससेकाकू विचारत.

फार पूर्वी भिंगरी नावाच्या पाकोळीच्या बापाने तळ्यावरच्या आकाशात एक खेळ मांडला होता. तो एकटाच उडे, पण त्याच्या वळणांतून अख्खा पूर उभा राही: चढणारे पाणी, वाहून जाणारी घरटी आणि शेवटी फांदीवर उरलेले एक पिल्लू. त्या वळणांसाठी त्याने तीन वर्षे घालवली होती. माठ रिकामा राहिला. बुवांनी एक पीस रोवले. सरडेराव मातकट झाले. संध्याकाळी तळ्याकाठी फक्त भिंगरी होती. त्यानंतर म्हातारा घरट्याबाहेर क्वचितच पडला.

भिंगरी दूरदेशी गेली. तिथे प्रत्येक जण आपल्या डोळ्यांनी बघे आणि आपल्या तोंडाने बोले. ते शिकून ती परतली, तेव्हा तिच्या पंखांत त्या शिक्षणाइतकाच राग भरलेला होता.

"आबा, तुमचा खेळ मी सगळ्यांना दाखवणार. पण आधी ती तिन्ही मापं मोडणार."

"मापं राहू दे गं," म्हातारा म्हणाला. "अंगात एका खेळापुरतं बळ उरलंय. पुनवेला, दिवस मावळताना उडेन. तू तेवढी बघायला ये."

"मी एकटी नाही, सगळं राज्य येईल."

सात दिवस तिने मापांवर नजर ठेवली. पहाटेच्या तालमीला त्यांतले कोणीच जात नव्हते. बेडूक माठाभोवती कान देऊन बसत. एक खडा 'डुब' वाजला की सगळे धडाधड टाकत, पहिला न वाजला तर कोणीच टाकत नसे. बुवा डोळे मिटून असत, आणि जो आधी येऊन वाकून जाई त्याला पाच पिसे मिळत. सरडेराव खेळवाल्याच्या झाडावर जाऊन बसत आणि त्या झाडाचा रंग घेत. तिच्या बापाच्या खेळाला झाड नव्हते. नुसते आकाश होते.

पुनवेच्या दोन दिवस आधी तिने माळावर केळीच्या पानांचे कुंपण घातले आणि नवा खेळ जाहीर केला. मग माठात एक खडा टाकला. बुवांपुढे चोच मातीला टेकवली. सरडेरावांना फुललेल्या पांगाऱ्यावर बसायला बोलावले. सकाळी माठ काठोकाठ भरला होता, चिखलात पाच पिसे होती आणि सरडा लालभडक होता. तिन्ही मापे जुळल्याचे कोणाच्याच आठवणीत नव्हते. संध्याकाळी सारे राज्य माळावर लोटले. बुवांना मानाने पुढे बसवले.

"बुवा, सगळ्यांना सांगा ना, पहाटे तालमीत शेवट कसा वाटला?" भिंगरीने गोड आवाजात विचारले.

"शेवट हळवा आहे," डोळे न उघडताच बुवा म्हणाले. "मध्ये जरा रेंगाळतो. पण एकंदरीत पकड आहे."

भिंगरीने कुंपणाचा दोर कापला. पाने खाली पडली. आत मोकळी जमीन होती, आणि तिच्यावर एक मुंगीसुद्धा नव्हती.

"डोळे उघडा, बुवा. कुठं रेंगाळतो ते दाखवा."

प्रथम ससेकाकू हसल्या. मग कोणीच हसले नाही. माठ फुटला, खडे तळ्यात गेले, बेडूक त्यांच्यामागे. सरडेरावांना झाडाझाडावरून पिटाळले, आणि जाताना ते दर झाडागणिक रंग बदलत गेले. बुवांची पिसे पाच-पाच करून उपटली गेली. भिंगरी प्रत्येक पाचाला मोठ्याने 'उत्तम' म्हणत होती. इतके गोड तिला दूरदेशीही काही लागले नव्हते.

दुसऱ्या सकाळी, पुनवेच्या दिवशी, चव्हाट्यावर सगळे गोंधळून उभे होते.

"आता आम्ही बघायचं काय?" साळिंदराने विचारले. "भिंगरीताई, खोटं तूच पकडलंस. आता खरं तूच सांग."

तिच्यासाठी उंच खांब रोवला गेला. आजच्या दिवसापुरते, असे म्हणत ती चढली. आबांच्या खेळाला पाच द्यायचे, म्हणजे सगळे तळ्याकाठी येतील, एवढेच तिच्या मनात होते. पण आधी रांग होती. पहिला खेळवाला बुवांपुढे वाकणाऱ्यांतला निघाला. तिने त्याला एक दिले. दुसऱ्याने कधीकाळी सरड्याला झाड दिले होते. त्यालाही एक. त्यांचे खेळ पाहायची तिला गरज वाटली नाही. रांग पुढे सरकत राहिली, आणि दर एकाबरोबर कालचा गोडवा पुन्हा जिभेवर येत होता. खांबावर तिची पाठ तळ्याकडे होती.

दिवस मावळू लागला. पाण्यावर पंखांचा आवाज झाला.

"ताई," ससेकाकूंनी खालून विचारले, "तुमच्या मागं वर काहीतरी चाललंय बहुतेक. बघण्यासारखं आहे का?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. एकही आकाशाकडे वळली नाही. सगळ्या भिंगरीच्या चोचीकडे वळल्या. एक छोटी सावली तिच्या खांबावरून, त्या वर केलेल्या चेहऱ्यांवरून सरकत गेली, चढणाऱ्या पाण्यासारखी वळली आणि तळ्याच्या दिशेने खाली उतरली.

"थांबा," भिंगरी म्हणाली, "आधी हा एक संपू दे." आणि तिने पंजातले पीस खाली चिखलात रोवले.