ठकाआत्याचा ऊन हात

फार वर्षांपूर्वी आपल्या हुंबरवाडीला जेमतेम वीस उंबरे होते आणि कोंबड्या मात्र माणसांच्या दुप्पट. त्या सगळ्या कोंबड्यांची वैदीण म्हणजे ठकाआत्या. कोंबडीच्या पोटाखाली नुसता हात घातला की अंडं आज येणार की उद्या, ते ती सांगायची. तिनं सांगितलं आणि तसं झालं नाही, असं कधी घडलंच नाही, असं म्हणतात.

आत्याला मूलबाळ नव्हतं. होती ती एक कवडी, पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी. आत्या भाकरी खायला बसली की कवडी मांडीशी, आत्या झाडायला लागली की कवडी केरसुणीच्या पुढं. आता तुम्ही हसाल, कोंबडीचं एवढं काय म्हणून. हसा खुशाल. एकट्या बाईला घरात कुणीतरी कलकल करणारं लागतं.

एके सकाळी कवडी खुराड्यातून बाहेरच आली नाही. पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहिली. "खुडूक झाली गं बया," आत्या म्हणाली. खुडूक कोंबडी अंडी उबवायचा हट्ट धरते, जागची हलत नाही. तिच्या अंगातली ऊब उतरावी म्हणून तिला गार पाण्यात तीनदा बुचकळून काढायचं, ही गावाची रीतच. आत्यानंही तेच केलं. दुसऱ्याची कोंबडी असती तर तिनं आधी पोटाला हात लावला असता. घरचीला काय बघायचं, असं वाटलं तिला.

उन्हं माथ्यावर आली तरी कवडी उठेना. शेपूट पाडून कुंथायला लागली, चोच उघडून धापा टाकायला लागली. तेव्हा कुठं आत्यानं पोटाखाली हात घातला, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. अंडं अडलं होतं. गार पाण्यानं अंग आवळून त्याची वाट आणखीच बंद झालेली.

मग काय, आत्याच्या जिवाची नुसती घालमेल. पाणी कोमट करून तिनं कवडीला घमेल्यात पोटापर्यंत बसवलं. एरंडेल लावलं. पाणी निवलं की पुन्हा ऊन करायचं, पुन्हा चाचपायचं, आणि अंडं तिथल्या तिथं. शेजारची हौसा दारात येऊन म्हणाली, "आत्या, सुरी लावायची तर आत्ताच लाव. मेल्यावर कुणाच्या तोंडी लागायची नाही."

"माझ्या हातानं एकदा मारलीय, तेवढं बास," आत्या म्हणाली आणि चुलीकडं वळली.

सरपण संपलं तेव्हा ती उरल्या निखाऱ्यांवर तळवे धरायची आणि कवडीच्या पोटाला लावायची. कातडी भाजली तरी तिला कळलं नाही, असं म्हणतात. दिवस कलताना अंडं आलं, अख्खं. आत्याला हसू फुटलं. पण कवडीनं तिच्या मनगटावर मान टाकली ती पुन्हा उचललीच नाही. आत्या खूप रडली.

लोकांना वाटलं, आता ही दार लावून बसणार. तर ही बाई दुसऱ्या दिवशी घरोघर. प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, "मी चुकले. हात न लावता बुडवली."

त्या दिवसापासून तिचे तळवे कधी गार पडले नाहीत. ऐन थंडीत ओढ्यावर धुणं धुऊन आली तरी हातांतून वाफा निघायच्या, असं म्हणतात. पलीकडच्या गावांतल्या अडलेल्या कोंबड्या मालकाला न विचारता पायवाटेनं तिच्या दारात येऊन बसायच्या. एकदा सात आल्या. कुणी सतरा म्हणतं, आपण सात धरू. त्यातली एकही दगावली नाही. पण प्रत्येकीला हात लावताना आत्या आधी कवडीचं नाव घ्यायची, ते काही शेवटपर्यंत सुटलं नाही.

जाताना तिनं एवढंच मागितलं, माझी आठवण काढाल तर त्या चुकीची काढा. म्हणून हुंबरवाडीत अजूनही कोंबडी कितीही खुडूक दिसू दे, तिला पाण्याकडं नेण्याआधी बायका हात शेकून घेतात, तिच्या पोटाखाली घालतात आणि म्हणतात, "ठकाआत्या चुकली होती." नव्या सुना आधी बिचकतात, गेलेल्या माणसाला असं कसं म्हणायचं म्हणून. मग सासू सांगते, "म्हण गं. तिनंच सांगून ठेवलंय."