पत्र्याचा कोंबडा

कोंबड्या माणसांहून जास्त बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका खुराड्यातला म्हातारा कोंबडा कधी लवकर आरवायचा, कधी उशिरा. कोल्ह्याने ते हेरलं आणि चावीवर चालणारा पत्र्याचा कोंबडा भेट आणून दिला.

"हा कधी चुकत नाही," तो म्हणाला.

कोंबड्यांनी एकमताने ठरवलं, पत्र्याचा आरवेल तेव्हाच उजाडलं म्हणायचं. म्हाताऱ्याला गप्प बसवलं. चावी मात्र कोल्ह्याकडेच राहिली.

पत्र्याचा कोंबडा रोज थोडा उशिरा आरवू लागला. एक दिवस तर दुपार झाली तरी आरवेना.

"थोरल्या बाई, ऊन डोक्यावर आलंय," ठकू कोंबडी म्हणाली.

"डोळे मिटून घे, म्हणजे लागणार नाही," थोरली म्हणाली.

तेवढ्यात कोल्हा आत शिरला.

"कोल्हा आलाय, पळा," ठकू ओरडली.

"रात्रीचं ओरडू नये गं," सगळ्या डोळे न उघडता म्हणाल्या.

कोल्ह्याने थोरलीचा पंख तोंडात धरला आणि तो तिला ओढत निघाला. ती जाता जाता ठकूवर खेकसली, "सकाळ होऊ दे, मग बघते तुझ्याकडे."