कुंपणावरची एकच घोंगडी

बाळगोपाळांनो, आणि त्यांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही फार फार जुनी गोष्ट.

एका घाटाच्या पायथ्याशी दहा खोल्यांची सराई होती. जितक्या खोल्या रिकाम्या, तितक्या घोंगड्या कुंपणावर टाकायच्या, असा तिथला रिवाज. वाटसरू लांबूनच त्या मोजत. दहा दिसल्या तर खोलीला एक नाणे, पाच उरल्या तर दोन, आणि शेवटच्या खोलीला चार. घोडेबाजाराच्या दिवसांत दुपारीच भाव चारवर जाई, पण कुणी कुरकुर करत नसे. गर्दी सगळ्यांना दिसत होती.

सराईवाला काही दुष्ट नव्हता. जरा जास्तच हुशार होता, इतकेच. एका वर्षी ऐन बाजारात त्याच्या मनात आले, ‘शेवटच्या खोलीला चार नाणी मिळतात, तर मग प्रत्येकच खोली शेवटची का नसावी?’

त्याने नऊ घोंगड्या आत नेल्या आणि एकच बाहेर ठेवली. ती खोली गेली की तासभर कुंपण रिकामे ठेवायचे, मग दुसरी घोंगडी टाकायची. दिवस कलेपर्यंत चार खोल्या चार-चार नाण्यांना गेल्या. स्वारी खूश!

तेवढ्यात आभाळ काळे झाले. घोडेवाल्यांचे एक कुटुंब वाटेवर थांबले. सुनेच्या कुशीत दहा दिवसांचे बाळ होते. म्हाताऱ्याने रिकाम्या कुंपणाकडे पाहिले, मान हलवली आणि सगळे घाटाकडे वळले.

“अहो, हाक मारा त्यांना!” सराईवाल्याची बायको म्हणाली. “सहा खोल्या मोकळ्या आहेत आपल्या. वर वाघ फिरतोय.”

“थांब गं. घाबरून आपणच परत येतील. मग मागू ते देतील.”

ते परत आले नाहीत. गारा मात्र आल्या. पत्र्यावर दगड पडावेत तशा कौलांवर वाजू लागल्या. सराईवाला दारात उभा राहून वाट पाहू लागला. वाट पांढरी झाली, तरी तिच्यावर कुणी दिसेना. त्याच्या मनात आले, ‘त्या पोराला काही झाले तर?’

तो तसाच अनवाणी धावत सुटला. हाका मारून घसा बसला. अखेर एका कपारीत ते सगळे सापडले. बाळ गारठून निपचित पडले होते. त्याने ते छातीशी धरले आणि धडपडत सराई गाठली. चुलीपाशी बराच वेळ शेकल्यावर बाळ एकदाचे रडले, आणि सराईवालाही ढसाढसा रडला.

सकाळी म्हाताऱ्याने विचारले, “या खोल्या काल रिकाम्याच होत्या का रे?”

सराईवाल्याने मान खाली घातली. म्हाताऱ्याने नेहमीचे भाडे उंबऱ्यावर ठेवले आणि निघून गेला. पण दुपारच्या आत ही गोष्ट बाजारभर झाली.

पुढच्या वर्षी खरोखरच एक खोली उरली. सराईवाल्याने चार नाणी मागितली. वाटसरू हसला. “आत अजून किती लपवल्यास? एक देतो, पटलं तर बघ.”

त्याने शपथा घेतल्या, हात जोडले. शेवटी एकाच नाण्याला खोली द्यावी लागली, त्या वर्षी आणि पुढेही दर वर्षी.

म्हणून सांगतो, गर्दीने चढलेला भाव लोक देतात, पण एकदा खोटी टंचाई करणाऱ्याची खरी टंचाईही कुणाला खरी वाटत नाही.