घ्यायची पाचशेरी, द्यायची पाचशेरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. करंजतर गावापाशी नदीवर तेव्हा पूल नव्हता. पैलतीरावर हळदीचे मळे, ऐलतीरावर बाजार आणि कोंडाशेटची वखार, आणि मधे ये-जा करायला भिवबा आंबीची नाव. भिवबाचा बाप नावाडी, आजाही नावाडी. नावेत किती पोती घेतली की पाणी काठाशी कुठवर येतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पोतं मणाचं, नाव रोजची. विचारायचं कशाला?

त्या वर्षी पैलतीरावरचे शेतकरी कपाळाला हात लावून बसले. हळद दिसायला ठसठशीत, पण कोंडाशेटच्या तागडीत पडली की कमी भरायची. “यंदा हळकुंडात दमच न्हाई,” असं एकमेकांना सांगून सगळे गप्प राहिले. बिचाऱ्या हळदीला नावं ठेवली, पण तागडीकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही. ही गोष्ट सांगताना अजूनही चीड येते ती इथंच.

एका खेपेला भिवबाची बायको हौसा माहेराहून परत येत होती. पोती नेहमीइतकीच, माणसंही नेहमीइतकीच. तरी वल्हं जड चाललं होतं. मधल्या धारेत पाणी काठावरून आत आलं आणि नाव बसली. बाकीचे पोहून निघाले. हौसा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चावडीवर पंच जमले. कोंडाशेट म्हणाला, “नाव कुजकी, नि नावाडी प्यायलेला.” भिवबानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण शब्द वखारवाल्याचा! पंचांनी माना डोलावल्या आणि भिवबाचा नाव चालवायचा हक्क काढून घेतला. बायको गेली ती गेलीच, वर तिला बुडवल्याचा डागही त्याच्याच माथी.

भिवबा उठला तो थेट डोहात शिरला, हौसेला शोधायला. असं म्हणतात, की सकाळी बुडी मारलेला भिवबा ऊन कलल्यावर वर आला. हातात हौसा नव्हती. लोखंडी कडीचा काळा धोंडा होता. ती कोंडाशेटची पाचशेरी, म्हणजे पाच शेरांचं वजन. शेटची माणसं हळद घ्यायला पैलतीरी जात, तेव्हा तो धोंडा नावेतूनच नेत आणि आणत.

ओल्या अंगानं भिवबा वखारीत शिरला. मागोमाग पंच आणि सगळं गाव. त्यानं एका पारड्यात तो धोंडा ठेवला आणि दुसऱ्यात दुकानातली पाचशेरी. धोंड्याचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. भिवबानं पारडी बदलली. पुन्हा तेच.

कोंडाशेट जराही वरमला नाही. “घ्यायची पाचशेरी वेगळी, द्यायची वेगळी. धंदा असाच चालतो.”

“तुमचा धंदा चालतो शेट, माझी नाव चालत न्हाई!” भिवबा ओरडला. “मण म्हून सव्वा मण लादलासा. मानसांस्नी फसवलंसा, पन पाण्याला कसं फसवनार? माझी हौसा तुमच्या ह्या दगडानं मारली!”

“भिवबा, जरा सबुरीनं,” एक पंच म्हणाला.

“सबुरी घाला चुलीत!”

त्यानं कोंडाशेटचं मनगट धरलं, फरफटत घाटावर आणलं, एका होडीत बसवलं, मांडीवर तो धोंडा ठेवला आणि होडी लोटून दिली. असं म्हणतात, की होडी मधल्या धारेत जाऊन जागीच थांबली. आत माणूस एकच, तरी पाणी होडीच्या काठाला लागलं. शेट बोंबलू लागला.

“ज्यांस्नी लुबाडलं त्यांची नावं घ्या,” भिवबानं काठावरून बजावलं.

शेटनं एक नाव घेतलं, होडी केसभर वर आली. दुसरं घेतलं, आणखी केसभर. विसरल्याचं सोंग केलं की पाणी आत. दिवस मावळेपर्यंत तो नावं घेत होता, आणि काठावरचा एकेक शेतकरी आपलं नाव ऐकून दातओठ खात होता. सगळ्यात शेवटी त्यानं हौसेचं नाव घेतलं, तेव्हा कुठं होडी काठाला लागली.

गावानं भिवबाला हक्क परत दिला. त्यानं तो घेतला नाही. ज्यांनी शेटचं ऐकून माना डोलावल्या, त्यांना तो कशाला पार करील? खांद्यावर घण टाकून तो बाजारोबाजार फिरला आणि खोट्या पाचशेऱ्या फोडत गेला. असं म्हणतात, की पुढं पुढं घणही लागेना. भिवबानं नुसतं रोखून पाहिलं तरी खोटं वजन तडकायचं. त्याचा राग मरेपर्यंत उतरला नाही, आणि का उतरावा?

आता नदीवर पूल आहे. शेर-मण गेले, किलो-क्विंटल आले. तरी हळदीचा हंगाम सुरू होण्याआधी करंजतरच्या बाजारातली सगळी वजनं भिवबाच्या नावानं घाटावर आणतात. एकमेकांसमोर तोलतात, पारडी बदलून पुन्हा तोलतात. खोटं निघेल ते फोडून डोहात टाकतात.

मागच्या वर्षी एक नवा व्यापारी अडून बसला. “आजी, हा विजेचा काटा आहे. सरकारी शिक्का आहे याच्यावर. विश्वास ठेवा की.”

हळद विकायला आलेली म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “इस्वास ठिवला हुता बाबा, हौसा बुडाली तवा. उचल तुजा काटा, नि चल घाटावर.”