रुसलेल्या भाकरीचे रंग

सात दिवस आभाळ गच्च भरलेलं. ऊन नाही, वारा नाही. वाळत घातलेलं धोतर तिसऱ्या दिवशीही ओलंच. अशा कुंद दिवसांत, बरं का, गेनू नावाचा एक म्हातारा चुलीपुढे भाकरी थापत बसला होता.

तेव्हा भाकरी कधी बिघडतच नसे. वर्षभर ठेवा, जशीच्या तशी. म्हणून तर तिथल्या राजाला हाव सुटली. त्यानं दवंडी पिटवली, घरोघरची पहिली भाकरी राजाच्या कोठारात!

आणि गेनूच्या घरची रीत काय? तव्यावरची पहिली भाकरी दारी येईल त्याची.

मग शिपाई आला. गेनू म्हणाला, "भूक लागलीय का लेकरा? बस, खा. कोठाराला कुठं पोट असतं?"

शिपायानं भाकरी हिसकावली. गेनू तिला हळूच म्हणाला, "बाई, भुकेल्याच्या तोंडी जा. नाहीतर कुणालाच गोड लागू नकोस."

मग काय झालं? ती भाकरी रुसली, आणि तिच्याबरोबर कोठारातल्या सगळ्या भाकऱ्यांवर पांढरी लव आली. राजा म्हणाला, "गारठल्या वाटतं. रजया घाला!" दुसऱ्या दिवशी बघतात, तर सगळ्या हिरव्या. "आणखी रजया!" तिसऱ्या दिवशी काळ्याकुट्ट. वास असा, की उंदीरसुद्धा कोठार सोडून पळाले.

शिपायानं गेनूचं बोलणं राजाला सांगितलं, तसा राजा स्वतः गेनूच्या दारी आला. बरोबर शिपाई, शिपायाच्या हातात पहार.

"म्हाताऱ्या, भाकऱ्यांची समजूत काढ. नाहीतर तुझा तवा फोडतो."

तवा मातीचा. गेनूच्या बायकोनं मरायच्या आधी आपल्या हातानं घडवलेला. गेनूनं एकदा तव्याकडे पाहिलं. पण मान काही खाली गेली नाही.

"फोडा महाराज. मी नाही समजूत काढणार. ती रुसलीय ते बरोबरच रुसलीय."

शिपायानं पहार उचलली. तेवढ्यात गुर्रर्र! राजाचंच पोट. कोठारातली भाकरी तोंडात घालवेना, तीन दिवसांचा उपाशी ना बिचारा!

गेनूनं तव्यावरची भाकरी उतरवली. "बसा उंबऱ्यावर. इथंच खायची. न्यायची नाही."

राजा बसला. कांदा फोडून भाकरी खाल्ली. खाता खाता शिपायाला म्हणाला, "टाक ती पहार." आणि दवंडी मागं घेतली.

तेव्हापासून भाकरी नुसती साठवली, की रुसते. आधी पांढरी होते, मग हिरवी, मग काळी. आणि गावात सगळे पोटभर जेवून सुखानं राहिले. मिटा बघू आता डोळे.

आणि हो, त्या रात्री राजा गेल्यावर शेजारची ठकूबाई कुंपणावरून म्हणाली, "गेनूभावजी, चूल विझवा नि पडा आता. उद्याची भाकरी उद्या."