वाटीभर विरजण

एकदा एका घाटमाथ्यावरच्या तीस उंबऱ्यांच्या गावात एक व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. काम सांगण्याआधी पेढे वाटणारा माणूस दिसला, की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्या गावातल्या एका वृद्धालाही हीच खोड होती. त्याने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवला.

व्यापाऱ्याला गावातली घरे हवी होती. विकत नव्हे, पंधरा वर्षांच्या कराराने. घरांत पाहुणे उतरतील आणि मालकांनी खाली तालुक्याला सुखाने राहावे, असा त्याचा बेत होता. पलीकडच्या डोंगरावरचे गाव असेच नावारूपाला आले होते. त्याची छायाचित्रे त्याने दाखवली: गजबजलेला रस्ता, खिडकीखिडकीत दिवे. पहिली सही त्याला वृद्धाच्या शिष्याची हवी होती. शिष्य चाळिशीचा, शब्दाला मान असलेला. त्याने सही केली की बाकीची घरे मागोमाग येतील, हे व्यापाऱ्याने आधीच हेरले होते.

शिष्याचे मन वळले होते. तो म्हणाला, "आबा, यात वाईट काय आहे? माणूस खोटं तर बोलत नाही."

"नाही बोलत. म्हणून तर धास्ती वाटते," वृद्ध म्हणाला. "उद्या सही कर. आज माझ्याबरोबर त्या पलीकडच्या गावाला चल. आणि घरातून एक रिकामी वाटी घे."

दिवेलागणीनंतर कुणी विरजण देत नाही, म्हणून दोघे दुपारीच तिथे पोहोचले. पहिल्याच दाराशी उभे राहून वृद्धाने विचारले, "चमचाभर विरजण मिळेल का?" शिष्य ओशाळला. आबांना दही चालत नव्हते. खाल्ले की खोकला उसळायचा.

तिथल्या रखवालदाराने मालक शहरात असतात असे सांगितले आणि खोली हवी का, ते विचारले. दुसऱ्या दारावर 'चुलीवरचे घरगुती जेवण' अशी पाटी होती. तिथल्या बाईने फ्रिजमधून दह्याचा सीलबंद डबा काढून किंमत सांगितली. तिचे काही चुकले नाही. ती तिथे नोकरीला होती. अशी अकरा दारे झाली. वृद्ध प्रत्येक ठिकाणी तेच मागत होता, आणि आबांना आता वयाने भ्रम होऊ लागला की काय, अशी शंका शिष्याला येऊ लागली.

बाराव्या दारी मात्र ओळखीची म्हातारी निघाली, शिष्याच्या मावशीची जाऊ. तिने वाटीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"विरजण श्रावणातच संपलं रे बाबा. मागू कुणाकडं? दोन्ही अंगाची घरं कुलपात. सुट्टीला उघडत्यात, तवा आत निराळीच माणसं."

तिने दोघांना बसवून घेतले, कोरा चहा दिला, आणि निघताना उंबऱ्यापर्यंत येऊन विचारले, "परत कधी येशीला?"

परतीच्या वाटेवर वृद्ध म्हणाला, "दही विकत मिळतं. पण विरजण मागायला गेलं, की शेजारी कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाची चूल पेटली नाही, हे आपोआप समजतं. गाव त्या जाण्यायेण्यावर उभं असतं. पाहुणे खुशाल येऊ देत. आपल्या घरी, आपण असताना. पण तुमचं गाव फार सुंदर आहे, तुम्ही तेवढे बाजूला व्हा, असं जो म्हणतो, त्याच्यापासून जपून राहावं."

दुसऱ्या दिवशी व्यापारी कागद घेऊन आला. शिष्याने पेन उघडले आणि विचारले, "शेठ, बाकीची सगळी घरं तुमच्याकडे आली, तर आमच्या शेजारच्या शेवंताकाकूंनी विरजण कुणाकडे मागायचं?"

व्यापाऱ्याला हायसे वाटले. "एवढंच ना? दही मी रोज घरपोच पाठवीन. फुकट."

तो मनापासून देत होता. शिष्याने पेनाला टोपण लावले आणि कागद परत केला. व्यापारी रागावला नाही. कागदाची नीट घडी घालून तो बाहेर पडला.

ओट्यावर बसलेल्या वृद्धाने एवढेच म्हटले, "कुठल्या बाजूला वळला, ते बघ."

शिष्याने पाहिले. मग घरात जाऊन त्याने वाटी घेतली आणि शेजारच्या शेवंताकाकूंकडे गेला. दारात पॉलिश केलेले बूट होते. आत पेढ्यांचा पुडा उघडलेला, कागद काकूंच्या मांडीवर आणि पेन त्यांच्या हातात.

"काकू, विरजण हवं होतं," शिष्य म्हणाला.

काकू सवयीने उठल्या. कागद आणि पेन जमिनीवर ठेवून त्या आत गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारले, "धाकटीचा ताप उतरला का रे?"

"उतरला, काकू," असे म्हणून शिष्य व्यापाऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसला, आणि व्यापारी उठेपर्यंत तिथून हलला नाही.