विझलेल्या चुलींची धर्मशाळा

खूप जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की ते राज्य नेमके कुठे होते हे सांगणाराही आता कोणी उरला नाही.

त्या राज्यात एका घाटाच्या माथ्यावर सागवानी धर्मशाळा होती. सात पिढ्यांपूर्वी गावाने घरटी एक माणूस देऊन ती उभी केली होती. खांबांवर मोर कोरलेले, वेली कोरलेल्या. घाट चढून आलेले मिठाचे व्यापारी तिथे बैल सोडत, आत तीन दगडांची चूल मांडत आणि भाकरी भाजून घेत. त्या धुराने मोर पार काळे पडले होते. एक म्हातारा आणि त्याची बायको तिथली देखभाल करीत. दोघे झाडत, सारवत, भांडत आणि सुखात होते.

एकदा राजा तिथे आला. काळे मोर पाहून तो हळहळला. "एवढं सुंदर काम आणि ही दशा! अशाने हे किती दिवस टिकणार?"

राजाच्या मनात खोट नव्हती, हे सांगून ठेवतो. त्याने काजळी घासून काढवली, चुली बंद केल्या, दाराला कुलूप लावले आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर मानाचे पागोटे ठेवले. "आजपासून तू राखणदार. आत कोणाचं पाऊल पडता कामा नये."

म्हाताऱ्याच्या बापाने त्याला एक गोष्ट बजावून ठेवली होती: चूल विझली, धूर थांबला, की लाकडाला वाळवी लागते. ते सांगायला म्हाताऱ्याने तोंड उघडलेही होते. पण पागोटे फार सुरेख होते.

"बोलला का नाहीत?" घरी बायकोने विचारले.

"राजापुढे कोण बोलणार? आणि तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नसेल कळत. तुम्हाला कळतंय ना!"

म्हाताऱ्याने पागोटे उतरवून जपून खुंटीला लावले.

आता लोक खिडकीच्या जाळीतून मोर पाहत, "वा!" म्हणत आणि निघून जात. व्यापारी पावसात भिजत दाराशी येत, हात जोडत. म्हातारा म्हणे, "राजाज्ञा आहे, बाबांनो." दोन पावसाळे त्यांनी सोसले, मग दुसरा घाट धरला.

तिसऱ्या पावसाळ्यात एका खांबाच्या मागे म्हाताऱ्याला वाळवीच्या मातीची बारीक रेघ दिसली. राजाला कळवावे, तर 'आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न येणार. त्याने ओल्या फडक्याने रेघ पुसली. चार दिवसांनी ती पुन्हा उमटली, त्याने पुन्हा पुसली. अशी पाच वर्षे गेली. खांब बोटाने वाजवला की वाळल्या भोपळ्यासारखा आवाज येई. मग त्याने वाजवून पाहणेच सोडले.

एके दिवशी निरोप आला: राजा पाहुण्यांना घेऊन धर्मशाळा दाखवायला येतो आहे. म्हातारीला कोण आनंद झाला!

"किती वर्षांनी आत पाऊल पडणार माझं! किल्ली द्या, सारवून रांगोळी घालते."

आता सांगावे, तर इतक्या वर्षांची लपवाछपवी उघडी पडणार. म्हाताऱ्याने किल्ली दिली. "लवकर आटप," एवढेच म्हणाला.

तिची रांगोळी निम्मी झाली असेल नसेल, तोच मधला खांब खचला आणि सगळे छप्पर खाली आले. गाव धावले, तुळया हटवल्या, कौले उपसली. म्हातारी सापडली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

राजा आला. त्याने पडलेल्या खांबाचा तुकडा उचलला, तर हातात नुसता भुसा राहिला.

"एवढा पहारा ठेवला, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं होतं, महाराज. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?"

म्हातारा ढसाढसा रडू लागला. उत्तर त्याच्यापाशी होते, पण ते उच्चारायची त्याला लाज वाटली.

राजाने त्याला शिक्षा केली नाही. आणखी कसली शिक्षा उरली होती? धर्मशाळा मात्र पुन्हा उभी राहिली नाही, कारण तसे मोर कोरणारे हात आता राज्यात कुठेच नव्हते.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: वास्तू माणसांच्या वावराने टिकते, आणि जाणत्याचे मौन तिला वाळवीच्याही आधी पोखरते.